अर्धवट राहिलेलं पुस्तक: कुठे थांबलात, ते आधी सांगा

प्रश्न थोडक्यात असा: 'दोन वर्षांपूर्वी पुन्हा वाचायला लागले. तेव्हापासून नेमाड्यांची हिंदू शंभरेक पानांवर थांबली, गीतारहस्य चौथ्या प्रकरणात, आईनं दिलेली ज्ञानेश्वरी दुसऱ्या अध्यायात, आणि सवयी सुधारण्यावरचं एक गाजलेलं अनुवादित पुस्तक निम्म्यावर. माझ्यातच काही कमी आहे का? हातात घेतलेलं पुस्तक पूर्ण करायलाच हवं का? माझा दहा वर्षांचा मुलगाही पुस्तकं मधेच टाकतो. त्याला काय सांगू?'

ताई, तुमच्यात काहीही कमी नाही. तुम्ही ज्या जागा सांगितल्यात, नेमक्या त्याच जागी इतर वाचकही थांबतात. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बसून मी आयुष्याची बरीच वर्षं हे पाहत आलो आहे. पुस्तक परत करताना 'झालं वाचून' म्हणणारा आणि 'बदलून द्या' म्हणणारा, यांतला फरक आवाजावरूनच कळतो. 'बदलून द्या' म्हणणारे बहुधा नजर चुकवतात, जणू परीक्षेत नापास झाले आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून मी 'का नाही आवडलं?' असं कधी विचारत नाही. 'कुठपर्यंत आला होतात?' एवढंच विचारतो. या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना देता येतं, आणि पुढचं बरंचसं निदान त्यातच असतं.

कुठपर्यंत, हे पुस्तकावरही दिसतं. वाचनालयातलं एखादं जाडजूड पुस्तक मिटून टेबलावर आडवं ठेवा आणि कण्याच्या समोरची पानांची कड बघा. शेकडो हातांनी ती पिवळट-काळपट झालेली असते, पण सगळीकडे सारखी नाही. पहिल्या चौथाईपर्यंत मळकी, मग एक पुसटशी रेघ, आणि त्यापुढे जवळजवळ कोरी. त्या रेघेपाशी उघडलं की दुमडलेले कोपरे, एसटीचं तिकीट, औषधाच्या दुकानाची पावती असं काहीबाही सापडतं. आमच्याकडच्या हिंदूच्या प्रतीला अशी रेघ आहे. गीतारहस्याच्या जुन्या प्रतीला तर इतकी ठळक आहे की लांबून दिसते. मृत्युंजयला मात्र ती नाही. ती प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखीच मळलेली आहे आणि पुनःपुन्हा बांधणीला जाऊन आलेली आहे.

यावरून एक गोष्ट मी ठामपणे सांगतो: जाडीमुळे कुणी पुस्तक सोडत नाही. मृत्युंजय काही पातळ पुस्तक नाही. श्रीमान योगी तर हजार पानांच्याही पुढे जाते. तरी गावोगावच्या वाचनालयांत लोकांनी ही पुस्तकं रात्री जागून संपवली आहेत. कर्णाची गोष्ट आपल्याला आधीपासून ठाऊक असते, आणि सावंतांनी ती कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा एकेकाच्या तोंडून सांगितली आहे. वाचक थकायच्या आत बोलणारा बदलतो. श्रीमान योगी सोडणारे जे थोडे भेटले, त्यांतले काही तर कादंबरी सुरू होण्याआधीच थांबले होते. नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना त्यांनी नेटानं वाचायला घेतली आणि तिथेच दमले. ती प्रस्तावना मला स्वतःला फार मोलाची वाटते, इतिहास आणि कादंबरी यांच्या नात्यावर मराठीत असं थोडंच लिहिलं गेलं आहे. पण ती वाचायची जागा शेवटी. कोणत्याही कादंबरीची लांबलचक प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचा, हा सल्ला मी नव्या सभासदाला पावतीबरोबरच देतो.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकी गणितज्ञानं 2014 साली एक गमतीचं मोजमाप काढलं होतं. किंडलवर वाचक ज्या ओळी सर्वाधिक अधोरेखित करतात, त्यांतल्या पहिल्या पाच ओळी सरासरी कितव्या पानावर येतात ते बघायचं आणि एकूण पानांशी त्याचं प्रमाण काढायचं. स्टीफन हॉकिंगच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'साठी ते 6.6 टक्के आलं, त्या वर्षी सगळीकडे गाजत असलेल्या थॉमस पिकेटीच्या भांडवलावरच्या ग्रंथासाठी 2.4 टक्के, तर डॉना टार्टच्या 'द गोल्डफिंच' या भल्यामोठ्या कादंबरीसाठी 98.5 टक्के. हे शास्त्र नाही, त्यांनीही तसा दावा केला नव्हता. एखाद्या पुस्तकातली टाळीची वाक्यंच शेवटी असू शकतात. तरी लाखो लोक विकत घेतात आणि पहिल्या काही पानांपलीकडे फारसं कुणी जात नाही, अशी पुस्तकं जगभर आहेत, आणि त्यांतली कितीतरी उत्तम आहेत.

आता तुमची पुस्तकं एकेक करून घेऊ.

हिंदू 2010 साली आली. त्याआधी कितीतरी वर्षं तिची नुसती चर्चा होती, त्यामुळे पहिल्या महिन्यात आमच्याकडे तिच्यासाठी मागणीवही भरून गेली. कादंबरीचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. तो मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, वडील आजारी असल्याचं कळतं आणि तो मोरगावला परत निघतो. इथवर सगळे वाचतात, कारण इथवर गोष्ट सरळ जाते. प्रवास सुरू झाला की आठवणींचे थर उघडू लागतात. एक आठवण संपायच्या आत दुसरी, मग पूर्वज, गावातल्या जाती, शेती, बायकांची दुःखं, गाणी, भांडणं. कोण बोलतंय हेही कधी कधी दोन ओळींनी कळतं. इथे वाचक मागची पानं उलटून 'हा कोण होता?' शोधू लागतो, दोन-तीनदा शोधतो आणि पुस्तक ठेवून देतो. तुमची शंभर पानं म्हणजे तीच जागा.

माझा सल्ला असा की शोधू नका. नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न पूर्ण सोडून द्या. या कादंबरीत कथानक पकडून पुढे जाता येत नाही, बोलणं ऐकत पुढे जावं लागतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या ओसरीवर बसल्यावर तो ज्या नातेवाइकांबद्दल सांगतो ते सगळे आपल्याला कुठे ठाऊक असतात, तरी आपण ऐकतोच. जळगावकडून आमच्या गावात येऊन राहिलेल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या सभासद आहेत. त्यांनी हिंदू परत आणली तेव्हा मी त्यांना जिथे थांबल्या ते पान उघडायला सांगितलं आणि तिथला संवाद मोठ्यानं वाचायची विनंती केली. दुपारची वेळ होती, वाचनालयात गर्दी नव्हती. त्या वाचू लागल्या आणि चार ओळींत त्यांचा आवाजच बदलला. शाळेतली शुद्ध मराठी गेली, खानदेशी हेल आला. पानभर वाचून म्हणाल्या, 'हे तर आमच्या आजीचं बोलणं.' पुस्तक त्यांनी परत नेलं. तुम्ही खानदेशातल्या नसाल तरी मोठ्यानं वाचण्याचा उपाय करून बघा. जे डोळ्यांना गुंत्यासारखं दिसतं ते कानाला पुष्कळदा सरळ लागतं.

आणि हिंदू हे तुमचं पहिलंच नेमाडे असेल, तर ती बाजूला ठेवून आधी कोसला घ्या. 1963 सालची ही कादंबरी आकारानं आटोपशीर आहे. तीही लोक सोडतात, आणि तेही ठरावीक जागी: पुण्यातल्या वसतिगृहाच्या भागात. 'काही घडतच नाही' ही तक्रार मी पन्नाशीच्या गृहस्थांकडूनही ऐकली आहे आणि अकरावीच्या मुलांकडूनही. पांडुरंग सांगवीकरचं ते पैसे उडवणं, गॅदरिंग, खानावळ, मित्रांची टवाळी, हे सगळं निरर्थक वाटतं, आणि ते तसं वाटावं म्हणूनच लिहिलेलं आहे. पुढे त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते. मराठी गद्यात मरणाबद्दल इतकं उघडं, इतकं न सावरलेलं लेखन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ज्यांनी वसतिगृहातच पुस्तक मिटलं ते मनीपर्यंत पोचलेच नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते. म्हणून कोसला देताना मी एवढंच सांगतो की मनीपर्यंत थांबा, त्यानंतर सोडलीत तरी चालेल. त्यानंतर सोडणारा क्वचितच भेटतो.

गीतारहस्याची गोष्ट वेगळी आहे. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात 1910–11च्या हिवाळ्यात लिहिला आणि 1915 साली तो छापून आला. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत तो देवघराशेजारी किंवा काचेच्या कपाटात असतोच, आणि बहुतेक घरांत पूर्ण वाचलेला नसतो. लोक पहिलं प्रकरण आदरानं वाचतात. दुसरं, कर्मजिज्ञासा, आवडीनं वाचतात, कारण त्यात माणसं आहेत: काय करावं हे न सुचलेला हॅम्लेट, दुष्काळात भुकेनं कासावीस होऊन चांडाळाच्या घरचं मांस चोरायला गेलेला विश्वामित्र, खरं बोलावं की जीव वाचवावा असे पेच. मग चौथं प्रकरण येतं, आधिभौतिक सुखवाद. तिथे हॉब्ज, बेंथॅम, मिल अशा पाश्चात्त्य पंडितांची मतं मांडून त्यांचं खंडन सुरू होतं. ज्यानं ती मतं आधी ऐकलेलीच नाहीत त्याला खंडनात काय रस वाटणार? त्यातून जो तरतो तो सातव्या-आठव्या प्रकरणात सांख्यांच्या प्रकृती-पुरुषात आणि विश्वाच्या उभारणीत अडकतो.

टिळक वकिली शिकलेले होते. आधी सगळ्या प्रतिपक्षांचा समाचार घ्यायचा आणि मग आपला मुद्दा मांडायचा, ही त्यांची रीत. वाचकानं मात्र त्याच क्रमानं जायला हवं असं नाही. ग्रंथाला पंधरा प्रकरणं आहेत. पहिली दोन झाली की थेट अकराव्यावर जा, संन्यास आणि कर्मयोग. टिळकांना जे सांगायचं आहे त्याचा गाभा तिथे आहे: ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, आणि का सोडायचं नाही. मग बारावं वाचा, सिद्ध पुरुषानं व्यवहारात कसं वागावं याबद्दलचं, आणि तेरावं, भक्तिमार्गावरचं. तेरावं त्यामानानं पुष्कळ सोपं जातं. एवढं झाल्यावर चौथं उघडलंत तर टिळक इतक्या तावातावानं का भांडताहेत हे कळतं आणि त्या भांडणात गोडीही वाटू लागते. सातवं-आठवं राहिलं तर राहू द्या.

ज्ञानेश्वरी अर्धवट राहिली म्हणून मन खाऊ देऊ नका. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची भाषा, आणि एकट्या तेराव्या अध्यायाच्या 1170 ओव्या. तो कादंबरीसारखा सलग वाचून संपवायचा ग्रंथ नाहीच. पारायण सात दिवसांत होतं, पण पारायण ही उपासना आहे. त्यात उच्चाराला आणि नेमाला महत्त्व असतं, प्रत्येक ओवीचा अर्थ लागलाच पाहिजे असा हट्ट तिथे कुणी धरत नाही. वाचनाबद्दल आपल्या परंपरेनं फार मोठी मोकळीक आधीच देऊन ठेवली आहे:

नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी ।
एक तरी ओवी अनुभवावी ॥

नामदेवांनी एक ओवी म्हटलं आहे. तुमचा तर एक अध्याय पुरा होऊन दुसरा सुरू आहे. आता बारावा अध्याय उघडा. त्याच्या 247च ओव्या आहेत, विषय भक्तीचा आहे आणि भाषा तुलनेनं लवकर ओळखीची होते. रोज दहा-बारा ओव्या, अर्थासह छापलेल्या सार्थ प्रतीतून. आधी ओवी मोठ्यानं, मग अर्थ, मग पुन्हा ओवी. दुसऱ्यांदा म्हणताना ती वेगळीच लागते. मग नववा घ्या, पंधरावा घ्या. आईनं दिलेली प्रत आहे, तेव्हा आईला तिचा आवडता अध्याय कोणता ते विचारून तिथूनच सुरुवात केलीत तर सगळ्यात उत्तम.

राहिलं ते सवयींवरचं अनुवादित पुस्तक. ते परत करा, विकत घेतलं असेल तर कुणाला देऊन टाका. अशा पुस्तकांत लेखकाचं म्हणणं पहिल्या दोन-तीन प्रकरणांत सांगून होतं आणि पुढे त्याचीच उदाहरणं येत राहतात. तुम्ही निम्म्यावर थांबलात म्हणजे मिळायचं ते मिळालं. त्यातून अनुवाद कच्चा असला तर वाचकाची दुप्पट दमछाक होते. वाक्य मराठी शब्दांत असतं पण मराठीसारखं चालत नाही, आणि वाचकाला वाटतं की आपल्यालाच समजत नाही. याची एक सोपी कसोटी आहे: एक परिच्छेद वाचून तो घरातल्या कुणाला आपल्या शब्दांत सांगून बघा. सांगता सांगता तो सोपा झाला, तर दोष पुस्तकाचा.

तेव्हा पूर्ण करायलाच हवं का, या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असंच आहे. दानियेल पेनाक या फ्रेंच लेखकानं 1992 साली वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यांत पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क आहे आणि पानं गाळण्याचाही. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल पन्नास पानांचा नियम सांगतात: पन्नास पानं वाचूनही मन रमलं नाही तर सोडा, आणि वय पन्नासच्या पुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करून येतील तेवढीच पानं द्या. नियम मला आवडतो, पण सहाशे पानांच्या कादंबरीला पन्नास पानं कमी पडतात. मी दहावा हिस्सा सांगतो, आणि तोही तुकड्यातुकड्यानं नको. मोठी कादंबरी सुरू करताना पहिली बैठक तास-दीड तासाची हवी. रोज झोपताना चार पानं वाचून सुरू केलेली मोठी कादंबरी टिकत नाही, कारण प्रत्येक रात्री माणसांची नव्यानं ओळख करून घ्यावी लागते. एकदा आत शिरलात की मग चार पानंही पुरतात.

कथासंग्रह, कविता, ललित लेख यांना तर 'अर्धवट' हा शब्दच लावू नका. जी. ए. कुलकर्णींचा काजळमाया एका दमात वाचायला घेतलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या कथेला गुदमरून परत येतात. एक कथा वाचावी, आठवडाभर थांबावं. त्यांच्या कथेला तेवढी जागा लागतेच.

आणि काही वेळा कारण पुस्तकात नसतं, घरात असतं. दवाखान्याच्या फेऱ्या चालू असताना, नोकरीवर टांगती तलवार असताना, नुकतंच कुणी गेलेलं असताना भले भले वाचक दोन पानं सलग वाचू शकत नाहीत. अशा काळात मी प्रवासवर्णनं देतो, विनोदी लेख देतो, आधी वाचून झालेलं आवडीचं पुस्तक पुन्हा देतो. सोडलेलं पुस्तक नोंदवून ठेवतो आणि वर्षा-दोन वर्षांनी विचारतो. तुम्हीही अशी नोंद ठेवा: पुस्तकाचं नाव, पान, आणि का थांबलात ते एका ओळीत. नुसतं 'कंटाळा' असं लिहू नका. 'माणसं फार झाली', 'शब्द अडले', 'मन थाऱ्यावर नव्हतं' असं लिहा. पुन्हा हातात घेताना पहिल्या पानापासून सुरू करू नका, त्यानं उत्साह आधीच वाचलेल्या भागावर संपतो. थांबलेल्या जागेच्या दहा-पंधरा पानं मागे जा आणि तिथून पुढे चला.

विकत घेतलेलं पुस्तक सोडताना पैशाची टोचणी लागते, ते मी समजू शकतो. सहाशे-सातशे रुपये देऊन घेतलेली कादंबरी डोळ्यांसमोर पडून राहते. यासाठीच शंका असलेलं पुस्तक आधी वाचनालयातून न्यावं. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. न जमलेलं पुस्तक बिनदिक्कत बदलून मिळणं हा त्याचाच भाग. तुमच्या वाचनालयात कुणी तुम्हाला 'एवढ्यात परत?' असं विचारत असेल तर मनावर घेऊ नका.

मुलाचं सांगायचं तर त्याला मधे सोडू द्या. दहा वर्षांचं मूल पुस्तक टाकतं तेव्हा बहुधा दुसरं उचलतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. 'पूर्ण केल्याशिवाय दुसरं मिळणार नाही' ही अट घातलेली मुलं दोन-तीन वर्षांत वाचनालयात यायची बंद झालेली मी पाहिली आहेत. एका वेळी तीन-चार पुस्तकं त्याच्यापुढे ठेवा. एखादं फास्टर फेणे, एखादं प्राण्यांवरचं, एखादं चित्रांचं, आणि एक त्यानं स्वतः कपाटातून काढलेलं, ते तुम्हाला कितीही सुमार वाटलं तरी. सोडलेल्या पुस्तकाबद्दल त्याला विचारा की गोष्ट कुठपर्यंत आली होती आणि पुढे काय झालं असेल. मुलं पुढचं रचून सांगतात, आणि आपण रचलेलं बरोबर आहे का हे बघायला कधी कधी पुस्तक स्वतःहून पुन्हा उघडतात. नाही उघडलं तर शनिवारी त्याला घेऊन वाचनालयात जा आणि बदलून आणा.